बैल खांदा देतात तेव्हा रेटा

उद्यमबाग, बेळगाव

पोरी,
अनेक आशीर्वाद.

बंद पडलेल्या हृदयाच्या ठोक्याशी जुळवून छाती दाबणाऱ्या यंत्राची, तुझ्या प्रोजेक्टची, पानं वाचली. एकदा दुकानात, आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा घेऊन बसलो. ईसीजीत आर लाट, म्हणजे आकुंचनाच्या सुरुवातीचं उंच टोक, दिसली की पिस्टन छातीवर खाली, ठोका सरला की वर. आकृत्या सुबक आहेत, सर्किटही नीट आहे. माझं भांडण आहे ते अकराव्या पानावरच्या एका ओळीशी: ‘सिग्नल मिळेपर्यंत यंत्र थांबून राहील.’ हे पत्र बरंचसं त्या ओळीसाठीच आहे. बाकीचं ओघात येईल.

आधी कल्पनेबद्दल. पाणी सोडलेल्या रानात उसाची बैलगाडी रुतलेली तू लहानपणापासून पाहिली आहेस. मागून चाकाला हात लावणारी माणसं कधी जोर लावतात? बैल खांदा देतात तेव्हा. बैल दम घ्यायला मागं सरलेले असताना रेटलं तर गाडी हलत नाही, जनावरं मात्र बिचकतात. थकलेलं हृदय आकुंचन पावत असताना बाहेरून दाब दिला तर दोघांचा जोर एकाच वेळी लागतो. ते भरत असताना दाबलं तर येणारं रक्त आपणच अडवतो. एवढीच गोष्ट आहे, आणि ती खरी आहे.

पण बैल खांदा देतायत का, हे आधी बघावं लागतं. बंद पडलेलं प्रत्येक हृदय सारखं नसतं. व्ही-फिबमध्ये, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये, ते नुसतं थरथरत असतं. तिथं जुळवून घ्यायला ठोकाच नाही; दाबत राहा आणि शॉक द्या. सपाट रेघेतही तेच, फक्त शॉकचा उपयोग नाही. तुझ्या यंत्राचं काम आहे ते तिसऱ्या प्रकारात. मॉनिटरवर आकृत्या येत राहतात आणि नाडी हाताला लागत नाही. डॉक्टर त्याला पीईए म्हणतात, पल्सलेस इलेक्ट्रिकल अ‍ॅक्टिव्हिटी. आपल्या भाषेत, मोटार चालू आहे पण पाणी येत नाही.

मोटार चालू असून पाणी का येत नाही हे शेतकऱ्याच्या लेकीला मी काय सांगू! विहीर आटली असेल, एअर धरली असेल, पाइप कुठंतरी दबला असेल. इथंही तसंच. रक्त वाहून गेलं, हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचून ते आवळलं गेलं, छातीत हवा कोंडली, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, अंगात विष भिनलं. कारण काढल्याशिवाय पिस्टन कितीही तालात मारला तरी माणूस परत येत नाही. प्रस्तावनेत तू ‘या यंत्रामुळे पीईएवर उपचार होईल’ असं लिहिलंयस, ते खोड. यंत्र डॉक्टरला वेळ मिळवून देईल, कारण शोधायला.

त्यातही दोन भाग आहेत. कधी पाणी अजिबात उचललं जात नाही, आणि कधी ते पाइपात चढतं पण वरच्या तोंडापर्यंत पोचत नाही. डॉक्टर नॉर्मन पॅराडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीईएतल्या रुग्णांच्या महाधमनीत दाब मोजला आणि १९९२ साली छापलं की नाडी लागत नसलेल्यांपैकी कित्येकांत प्रत्येक ठोक्यामागं दाबाची बारीक लाट होती. म्हणजे बैल खांदा देत होते, गाडी हलत नव्हती इतकंच. त्याच पॅराडिसांनी पुढं डुकरांवर हेच दुबळं हृदय तयार करून पाहिलं, २०१२ साली. आकुंचनाच्या वेळी दिलेल्या दाबानं, प्रसरणाच्या वेळी दिलेल्या दाबापेक्षा, हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पोचवणारा दाब जास्त मिळाला. तो दाब किती मोलाचा, हे त्यांनी १९९० साली १०० रुग्णांत दाखवलं होतं: ज्यांच्यात तो पाऱ्याच्या १५ मिलिमीटरपर्यंतही चढला नाही, त्यांच्यातला एकही परत आला नाही. तुझ्या प्रोजेक्टचा पाया हा आहे. तो तू एका ओळीत उरकलायस आणि मायक्रोकंट्रोलरवर तीन पानं खर्च केलीस.

आता त्या ओळीकडं येतो.

दुकान टाकायच्या आधी मी रुग्णालयांतली उपकरणं दुरुस्त करत हिंडायचो, हे तुला माहीत आहे. डिफिब्रिलेटरवर, म्हणजे शॉक देणाऱ्या यंत्रावर, सिंकचं (जुळवणीचं) एक बटण असतं. हृदय चालू आहे पण भलत्याच वेगानं धावतंय, अशा वेळी शॉक नेमका आर लाटेवर पडावा म्हणून ते दाबतात. आर लाटेनंतर येणाऱ्या टी लाटेच्या आसपास पडला तर चालतं हृदय फिब्रिलेशनमध्ये जाऊ शकतं. हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाउन यांनी ही पद्धत १९६२ साली मांडली. पण सिंक चालू राहिलं आणि रुग्ण व्ही-फिबमध्ये गेला, तर? यंत्र आर लाट शोधत बसतं. आर लाट तर नाहीच. डॉक्टर बटण दाबून धरतोय आणि शॉक सुटत नाही. म्हणूनच बरीच यंत्रं एक शॉक दिला की आपणहून सिंकमधून बाहेर पडतात. ही युक्ती ज्यानं पहिल्यांदा घातली असेल त्यानं कुणाचा तरी जीव जाताना पाहिला असावा, असं मला नेहमी वाटतं. आणि तू अकराव्या पानावर तेच वाट बघणारं यंत्र पुन्हा जन्माला घालतेयस.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. एका रुग्णालयात केबल बदलायला गेलो होतो. शेजारच्या खाटेवर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, चालू झाला. मध्येच स्क्रीनवर सुरेख आकृत्या उमटल्या, ओळीनं. दाबणारा पोरगा ‘आलं, आलं’ म्हणत मागं सरला. सगळे स्क्रीनकडं बघत राहिले, मीसुद्धा. नातेवाईक दारातून हात जोडत होते. मग एक वयस्क सिस्टर पुढं झाल्या, मानेला बोटं लावली आणि ओरडल्या, ‘नाडी इल्ल!’ नाडी नाही. भिंतीवरच्या घड्याळात २२ सेकंद गेले होते. शॉकसाठी किंवा नाडी बघण्यासाठीसुद्धा १० सेकंदांच्या वर हात थांबू नये म्हणतात. मॉनिटर माझ्याच हातून दुरुस्त झालेला होता. त्यानं काही खोटं दाखवलं नव्हतं. त्या पेशंटचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

म्हणून यंत्र हृदयाबरोबर चालावं, हृदयासाठी थांबू नये. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर. हा पाया सुटता कामा नये. १०० चा वेग म्हणजे दोन दाबांत ६०० मिलिसेकंद. तेवढ्यात लाट आली नाही तर पिस्टन वाट न बघता खाली गेला पाहिजे. कोडमध्ये हे सगळ्यात आधी लिही.

मग एक गंमत होते, आणि तुझ्या वहीत ती कुठं दिसली नाही. हृदयाचा वेग ४० असेल तर दर ठोक्याला तीन दाब बसतात, १२० होतात, तिसरा प्रत्येक वेळी ठोक्यावर पडतो. ५५ असेल तर दोन दाब, ११०. इथपर्यंत ठीक. आता ८० घे. एकास एक केलं तर ८०, कमी पडतात. दोन केले तर १६०, छातीला वर यायला वेळच नाही. ६० च्या वर आणि १०० च्या खाली सगळीकडं हीच अडचण. माझं मत विचारशील तर तिथं मी जुळवणी सोडून १०० धरले असते, पण मी हायड्रॉलिक्सवाला आहे. हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञासमोर ठेव, गाइडसमोर नको. गाइड ‘फ्युचर स्कोप’मध्ये टाक म्हणतील.

माझ्या प्रांतातलं सांगतो, तिथं मला अधिकार आहे. उशीर. तू आर लाट आणि पिस्टन एकाच क्षणी दाखवलेत. कागदावर व्हॉल्व्ह लगेच उघडतो. समज, फिल्टर आणि लाट ओळखण्यात ४० मिलिसेकंद गेले, व्हॉल्व्ह सरकायला ३०, पिस्टन तळाला पोचायला १००. झाले १७०. वीज आल्यावर हृदय लगेच रक्त फेकत नाही, मध्ये थोडे मिलिसेकंद जातात. तेवढी उसंत आपल्याला आयती मिळते. पण आकुंचन सगळं मिळून ३०० मिलिसेकंदांच्या आसपास, त्यातला तिसरा हिस्सा तू पोचेपर्यंत संपलेला असेल. दुबळ्या हृदयात वीज आणि आकुंचन यांच्यातलं अंतर आणखी बदलतं, म्हणजे एकच आकडा सगळ्यांना लावता येणार नाही. आणि वर येतानाही उशीर आहेच. तो सगळे विसरतात. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दाब सुटल्यावर. उशिरा दाबून उशिरा सोडलंस तर त्याच्या तोंडचा घास काढून घेतलास. माझे आकडे समजुतीसाठी आहेत. तुझे तू मोज. पिस्टन जवळ आला की सांगणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर दोन्ही टोकांना लाव, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन्ही रेघा एकाखाली एक घे.

आणखी एक खोड आहे, तिनं चांगल्या चांगल्यांना फसवलंय. छाती दाबली की इलेक्ट्रोड हलतात आणि ईसीजीत लाटा उठतात, अगदी ठोक्यासारख्या. मिनिटाला ११० दाब म्हणजे सेकंदाला दोनच्या आत, पण त्याचे हार्मोनिक, म्हणजे त्याच्या पटीतल्या लाटा, वर चढून खऱ्या ठोक्याच्या पट्ट्यात घुसतात. तुझं यंत्र एकदा दाबेल, त्या धक्क्याची लाट बघेल, तिला ठोका समजून पुन्हा दाबेल. आपल्याच पावलांचा आवाज ऐकून मागं कुणी येतंय असं समजणाऱ्या माणसासारखं. आणि आकडे इतके सुंदर येतील की बक्षीस मिळेल! ‘९८ टक्के जुळणी’ लिहिशील. म्हणून आधी एक चाचणी कर: सरावाच्या पुतळ्यावर सपाट रेघ दे आणि पिस्टन चालू कर. यंत्रानं एकही ठोका मोजला तर बाकी सगळे निकाल फेकून दे. खरं तर वीज एकटी पुरत नाहीच. सोनोग्राफीत हृदय हलताना दिसतंय का, धमनीतल्या नळीत दाबाची लाट आहे का, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड किती, यातलं काहीतरी सोबतीला हवं. नाहीतर यंत्र त्या ‘आलं, आलं’ म्हणणाऱ्या पोरासारखंच वागेल.

टी लाटेवर दाब पडला तर काय, असं तू समासात लिहिलंयस. प्रश्न चांगला आहे. मार्क लिंक यांच्या १९९८ च्या प्रयोगात टी लाटेच्या शिखराआधी १५ ते ३० मिलिसेकंदांत छातीवर चेंडू आपटला की डुकराचं हृदय फिब्रिलेशनमध्ये जायचं. पण तो चेंडूचा फटका, हा पिस्टनचा संथ दाब. एकाचा निकाल दुसऱ्याला लावू नकोस, फक्त नोंद कर.

दाब देणारी यंत्रं मुळात हातापेक्षा सरस आहेत का? तीन मोठ्या चाचण्या २०१४ आणि २०१५ मध्ये छापून आल्या: लिंक (LINC, वरच्या मार्क लिंक यांच्याशी संबंध नाही), सर्क (CIRC) आणि पॅरामेडिक (PARAMEDIC). यंत्रानं जास्त माणसं वाचली असं एकीतही निघालं नाही. त्यामुळं सरसकट वापर सुचवत नाहीत. पण चोर्ला घाटात किंवा कणकुंबीहून जांबोटीमार्गे येणाऱ्या १०८ च्या गाडीत, वळणावळणांवर, उभं राहून कुणी पाऊण तास छाती दाबून दाखवावी. तिथं यंत्राला जागा आहे. आणि गाडीतला कर्मचारी कानडी बोलणारा, सोबतचा भाऊ मराठी, हे आपल्याकडचं रोजचंच. बटणावर चित्र काढ, खाली ‘ओत्तु’ आणि ‘दाबा’ दोन्ही लिही. कानडी कानडी लिपीत लिही, तेवढं तुला येतं.

पुतळ्याच्या पुढं जायचं नाही, हे मी सांगायला नको. मित्राच्या छातीवर ‘हलकेच’सुद्धा नाही. पुढची वाट एथिक्स कमिटीतून आणि २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्समधून जाते, आणि ती लांब आहे.

‘मी डॉक्टर नाही, माझं कोण ऐकणार’ असं तू फोनवर म्हणालीस. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये १९५८ साली गाय निकरबॉकर नावाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी कुत्र्यावर डिफिब्रिलेटरचे प्रयोग करत होता. शॉकचे जड पॅडल छातीवर दाबून धरले की, शॉक द्यायच्या आधीच, धमनीतला दाब थोडा वर जातो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचे मार्गदर्शक कौवेनहोव्हेन, तेही इलेक्ट्रिकल इंजिनिअर. डॉक्टर जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० साली ते छापलं, आणि आज जगभर जो सीपीआर शिकवतात तो तिथून आला. त्या दिवशी त्या पोरानं काट्याची ती बारीक हालचाल बिघाड समजून सोडून दिली असती तर कुणी त्याला दोष दिला नसता.

रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा ये. व्हॉल्व्हची डेटाशीट आण, आणि सपाट रेघेची चाचणी करूनच ये. माझ्याकडं जुना ऑसिलोस्कोप आहे, त्याचा एक चॅनेल मधूनमधून रुसतो, पण दुसरा ठीक आहे. काकूनं सांगितलंय की येताना तुमच्याकडचे नवे तांदूळ दोन किलो आण, पैसे घेतलेच पाहिजेत.

तुझा
काका