उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाग आणि जनावरं असलेल्या घरातला दिवस कसा असतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. शहर सोडून थोड्या जमिनीवर घर, भाजीची बाग, कोंबड्या आणि दोन-तीन शेळ्या असा संसार मांडला तर उन्हाळ्याच्या सुरुवातीचा दिवस तिथे कसा जातो, आणि याच दिवसांत जनावरं आणली तर चालतील का. अशा घरात राहायला लागून मला अकरा वर्षं झाली. एक गाय, चार शेळ्या, वीस-बावीस कोंबड्या आणि घरामागे भाजीचे वाफे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: आत्ता आणू नका. का, ते पहिल्याच्या उत्तरात येईल.

उन्हाळा म्हटलं की सगळ्यांना धास्ती असते ती ऐन उन्हाळ्याची. मला भीती वाटते ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांची. तिसऱ्या वर्षी हवा चांगली थंड होती आणि एका दिवशी अचानक पारा चढला. खुराड्यावर नुसता पत्रा होता, पाण्याचं भांडं सकाळी भरलेलं होतं आणि मी घरात निवडण-टिपण करत बसले होते. दुपारी तीनला जाऊन पाहते तर दोन कोंबड्या मान टाकून पडलेल्या आणि बाकीच्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून फाकवून भिंतीला लागलेल्या. भांडं उन्हात होतं. त्यातलं पाणी इतकं तापलं होतं की एकही कोंबडी तोंड लावत नव्हती. त्या दोघी गेल्या. पुढे त्याच वर्षी त्याहून कडक ऊन पडलं, पण त्यात एकही दगावली नाही. तोवर मी सावली केली होती हे खरं, पण कोंबड्यांचं अंगही उन्हाला सरावलं होतं. अंगाला हा सराव एका दिवसात होत नाही, त्याला दोन-तीन आठवडे जावे लागतात. म्हणून पहिली उन्हं कमी अंशांची असूनही घात करतात.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि वर पिसांची गोधडी. उष्णता बाहेर टाकायला तिच्याजवळ डोक्यावरचा तुरा, गळ्याखालची लोंबती कातडी, पंखांखालचा विरळ पिसांचा भाग आणि धाप, एवढंच असतं. हवा ३० अंशांच्या वर गेली की ती धापा टाकू लागते. सतत धाप लागली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याचं कवच बनायला लागणारा मालही घटतो. त्यामुळे उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची निघाली तर लगेच खाद्याला दोष देऊ नका, आधी सावली आणि पाणी बघा. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आत-बाहेर पाणी पिते, तीच उन्हात दुप्पट पिते.

आता दिवस सांगते. उन्हाळा लागला की दिवसाचे दोन तुकडे होतात आणि मधला सगळा वेळ राखणीचा असतो. मी उजाडायच्या आधी उठते. पहिलं काम खुराड्याचं दार उघडून कोंबड्यांना खाणं घालणं. पचनातही अंगात उष्णता तयार होते, म्हणून दाणा पहाटे आणि ऊन कलल्यावर, मधे नाही. मग गाईची धार. दिवसभर अंगात साठलेली उष्णता गाय रात्रीच्या गारव्यात सोडते, त्यामुळे पहाटे ती सगळ्यात निवांत असते. रवंथ चाललेलं, कान सैल, पान्हा चटकन सोडते. ज्या दिवशी पहाटेही तिचा श्वास जलद दिसतो, त्या दिवशी मी समजते की रात्र पुरेशी गार झाली नाही, आणि तिला उन्हं चढायच्या आधीच सावलीत आणते. दुधात ८७ टक्के पाणीच असतं, ते कुठून तरी यायला हवं ना? दुभत्या जनावरासमोर पाणी सतत हवं, बादली रिकामी झाल्यावर भरून चालत नाही. सोबत मिठाचा खडा टांगलेला असावा. शेळ्या उन्हाला गाईपेक्षा काटक असतात. त्यांना झाडोरा ओरबाडायला मिळाला आणि दुपारी कोरडी सावली मिळाली की त्यांची तक्रार नसते. पण भांड्यात लेंडी पडली तर त्या पाण्याकडे बघतही नाहीत, आणि तहानलेल्या राहतात. दिवसातून दोनदा भांडं घासावं लागतं.

उन्हं कोवळी आहेत तोवर बाग. वर्षभरातला मला सगळ्यात आवडणारा तास हाच. भोपळ्याची पिवळी फुलं तेव्हाच उघडलेली असतात, दुपारपर्यंत मिटतातही. नव्या माणसांची इथे हमखास निराशा होते, की वेल फुलांनी भरलाय आणि फळ एक नाही. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात. मादी फूल मागाहून येतं आणि त्याच्या बुडाशी इवलासा भोपळा आधीच दिसतो. मधमाश्या कमी असतील तर नर फूल खुडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे परागकण मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने लावायचे. सकाळी, फूल टवटवीत असताना. हे काम मी माझ्या पुतणीला ती सहा वर्षांची असताना शिकवलं होतं. आता सुट्टीत आली की ती वेलांपाशी माझ्याआधी पोचलेली असते.

पाणी द्यायचं ते सकाळी, मुळाशी आणि खोल. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्या थरातच राहतात आणि तोच थर आधी तापतो. पाणी हवंय का ते बोट सांगतं: मातीत दोन पेरं बोट घालायचं, आत ओल लागली तर पाणी नको. दुपारी भोपळ्या-काकडीची पानं लुळी पडलेली दिसली की नवखा माणूस धावत नळी घेऊन जातो. मीही जायचे. ती पानं संध्याकाळी आपोआप ताठ होतात. उन्हाच्या वेळी पानांतून पाणी जाण्याचा वेग मुळांना पेलत नाही, इतकंच. सकाळीसुद्धा पानं लुळी असतील तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे. आणखी एक: उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बाजूला सोडून द्या, हाताला गार लागलं की मगच रोपांकडे वळवा. माझा एक अख्खा वाफा त्या पाण्याने होरपळला होता.

या दिवसांत बागेसाठी एकच काम करायचं झालं तर आच्छादन करा. वाळलं गवत, पाचोळा, काड, जे मिळेल ते चार बोटं जाड पसरायचं, खोडाला मात्र चिकटू द्यायचं नाही, नाहीतर खोड कुजतं. माती गार राहते, ओल टिकते, तण दबतं. ओल एकसारखी राहण्याला फार महत्त्व आहे. कधी कोरडं, कधी चिखल असं झालं की टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो. तो रोग नसतो. कॅल्शियम पाण्यासोबत फळापर्यंत पोचतं, पाण्याचा ओघ तुटला की तेही तुटतं. काकडी कडू होण्यामागेही बरेचदा अशीच ताणलेली तहान असते. टोमॅटोची फुलं गळायला लागली तर झाडाला खतं घालत सुटू नका. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही २४ च्या खाली उतरेना, की परागच नीट काम करत नाहीत. जाळीची सावली करा आणि थांबा. पालक आणि कोथिंबीर तर या दिवसांत फुलावर जाणारच. मी थोडी झाडं बियाण्यासाठी राखते, बाकीची उपटून शेळ्यांना.

कोंबड्यांची विष्ठा ताजी वाफ्यात कधी टाकू नका, मुळं जळतात. पाचोळ्यात मिसळून, कुजवून, तिचा वास मातीसारखा झाला की मग वापरा.

दहाच्या पुढे मी उन्हात काम करत नाही. पहिल्या आठवड्यांत माणसाचंही अंग सरावलेलं नसतं, हे आपण विसरतो. घाम फुटायचा थांबला, डोकं भणभणलं, तर काम तिथेच टाकून सावलीत बसायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. अकरा ते चार दर तासाला एक फेरी असते, एवढंच. भांडी सावलीत आहेत ना? सावली सरकते, हे लक्षात ठेवा. सकाळी सावलीत ठेवलेलं भांडं दुपारी उन्हात आलेलं असतं. माझ्या दोन कोंबड्या याच चुकीने गेल्या. पत्र्यावर मी आता गवताचे पेंढे टाकते आणि वरून चुना मारते, आतली धग जाणवण्याइतकी कमी होते. जमीन शिंपडायची तर वारा खेळता हवा. बंद जागेत पाणी मारलं तर हवा दमट होते आणि धाप टाकणाऱ्या कोंबडीला जास्तच त्रास होतो. एखादी अगदीच लोळागोळा झाली तर तिला सावलीत नेऊन मानेपर्यंत साध्या गार पाण्यात धरा, बर्फाच्या नाही.

याच वेळी पाण्याच्या टाक्यावर मधमाश्या येतात. पोळ्यातली पिल्लं ३४-३५ अंशांत वाढतात. त्याच्या वर पारा जाऊ नये म्हणून माश्या पाणी आणून आत पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. त्यांच्यासाठी एका ताटलीत खडे घालून ठेवते, टाक्यात त्या बुडून मरतात. पोत्याखाली, लाकडांखाली हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. गारव्याला साप येऊन बसतात.

ऊन कललं की पुन्हा जाग येते. कोंबड्या झुडपाखालच्या मातीतून अंग झटकत बाहेर येतात, करडं उगाचच उड्या मारतात, संध्याकाळची धार होते. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा मी याच दिवसांत लिंपून घेते, कारण गोचिडाची मादी जनावरावरून गळून अशाच फटींत हजारोंनी अंडी घालते. नुसत्या जनावराच्या अंगावरचे गोचीड काढून ते संपत नाहीत. एखादी कोंबडी खुडूक असते. २१ दिवस ती अंड्यांवरून जेमतेम खायला-प्यायला उठते, म्हणून तिचं पाणी तिच्या चोचीच्या टप्प्यात ठेवते. शेवटी अंधार पडताना कोंबड्या मोजायच्या आणि दार लावायचं. मोजल्याशिवाय मला जेवण जात नाही.

म्हणून सांगते, आत्ता जनावरं आणू नका. गाडीतला प्रवास, नवी जागा, नवं खाणं आणि न सरावलेलं ऊन हे सगळं त्यांच्यावर एकदम पडेल. हा उन्हाळा तुम्ही जागेवर काढा. भर दुपारी कुठे सावली पडते आणि ती किती वाजता सरकते ते खुणा करून ठेवा. विहीर किंवा नळ उन्हाळा संपेपर्यंत किती पाणी देतो ते बघा. दोन वाफे करा, एक भोपळ्याचा वेल लावा, आच्छादन करायला शिका. गोठा आणि खुराडं त्या खुणांप्रमाणे बांधा. हवा थंड झाली की आधी कोंबड्या आणा, आणि शेळ्या आणाल तेव्हा एकटी आणू नका, किमान दोन आणा. एकटी शेळी दिवसरात्र ओरडत राहते आणि खाणं सोडते.