अभिलेखागारात सापडलेला छोटा तपकिरी भुंगेरा नेमका कोणता, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानशा संग्रहात जुनी पुस्तकं आणि बांधीव रजिस्टरं आहेत, कपाटाच्या फळ्यांवर दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी किडे सापडतात, खिडकीच्या कडेला गोलसर, ठिपकेदार किडेही मरून पडलेले दिसतात. हे कोणते, आणि लगेच औषध फवारावं का?

फवारणी तूर्त राहू द्या. वर्णनावरून हे बहुधा दोन वेगळ्या कुळांतले भुंगेरे आहेत आणि दोघांचं खाणं अगदी वेगळं आहे. मी संग्रहांची देखभाल करते. किड्याचं नाव कळलं की तो काय खात होता ते कळतं, आणि मग कुठलं कपाट उघडायचं तेही कळतं. म्हणून ओळख पटवायला लागेल तेवढा वेळ मी देते. नाव न कळता फवारलं तर औषध कागदावर आणि कातड्यावर बसतं, अळी मात्र पुस्तकाच्या पुठ्ठ्यात आत सुरक्षित राहते.

आधी तपकिरी किडा घेऊ. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च एवढं पुरे. संशय तिघांवर घ्यायचा: स्टेगोबियम पॅनिसियम, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी आणि अनोबियम पंक्टेटम. तिघांचंही डोकं वरून दिसत नाही, वक्षाच्या पुढच्या भागाखाली दडलेलं असतं. त्यामुळे वरून पाहिलं की तिघे सारखेच वाटतात आणि बहुतेक लोक इथेच अडतात.

टॉर्च वरून न धरता बाजूने, तिरपी धरा. पाठीवरच्या टणक पंखांवर लांबीच्या दिशेने बारीक खाचांच्या सरळ ओळी उमटल्या तर लॅसिओडर्मा बाद. त्याचे पंख गुळगुळीत असतात, ओळी नाहीत, फक्त मऊ बारीक लव. यानंतर मिशा, म्हणजे शृंगिका, पाहायच्या. लॅसिओडर्माच्या मिशा करवतीसारख्या, प्रत्येक पेरं दातेरी. स्टेगोबियमच्या मिशीची शेवटची तीन पेरं बाकीच्यांपेक्षा ठळक लांब आणि मोठी असतात. मेलेल्या किड्याने मिशा पोटाखाली दुमडलेल्या असतात. त्या कोरड्या ओढल्या तर मोडतात, आणि मोडल्या की ओळखीचा निम्मा पुरावा गेला. किडा ओल्या टीपकागदावर ठेवून झाकणाच्या डबीत रात्रभर राहू द्या. सांधे सैल होतात आणि मऊ ब्रशच्या एका केसाने मिशा बाहेर काढता येतात.

अनोबियमच्याही पंखांवर खाचांच्या ओळी असतात आणि त्याच्याही मिशीची शेवटची तीन पेरं लांब असतात. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही खुणांवरून तो स्टेगोबियमच ठरू शकतो. फरक बाजूने दिसतो. अनोबियमच्या वक्षावर मागच्या बाजूला स्पष्ट उंचवटा असतो, स्टेगोबियमची पाठ एकसारखी गोलाईत उतरते. शिवाय अनोबियम थोडा लांबट आणि गडद असतो. एवढं करूनही शंका उरली तर नुकसान कुठे आहे ते पाहा. भोकं कपाटाच्या लाकडात असतील तर अनोबियम, पुस्तकाच्या पाठीत आणि पुठ्ठ्यात असतील तर बहुधा स्टेगोबियम.

बांधीव रजिस्टरं असल्याने माझा पहिला संशय स्टेगोबियमवरच आहे. जीवशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये नाव दिलेला हा किडा पिठाच्या खळीवर, म्हणजे पुस्तकबांधणीच्या चिकटावर, मनसोक्त वाढतो. मसाले, बिया, सुकी वनस्पती, औषधी मुळ्या, बिस्किटं, काहीही त्याला चालतं. म्हणून त्याचा उगम संग्रहाबाहेरही शोधा. उंदरांसाठी ठेवलेलं धान्याचं विषारी आमिष हा याचा नेहमीचा आणि नेहमी विसरला जाणारा अड्डा. कुणाच्या खणातला जुना खाऊही तसाच. लॅसिओडर्माला ऊब जास्त लागते. तो तंबाखूत आणि हर्बेरियमच्या, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, पत्रकांत सापडतो, पुस्तकंही सोडत नाही. हा माणसाचा जुना सोबती आहे, तुतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तूंतही त्याचे मेलेले नमुने सापडले आहेत.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या: हे प्रौढ भुंगेरे काही खात नाहीत. खाणारी असते आत दडलेली पांढरट, वाकडी अळी. तुम्हाला दिसणारं गोल भोक हे किडा बाहेर पडल्याचं भोक आहे. म्हणून फळीवरच्या किड्यांची संख्या पाहून नुकसानाचा अंदाज बांधू नका. फळीवरची सगळी पुस्तकं एकेक करून पांढऱ्या कागदावर हलकेच टेकवा. ज्यातून भुकटी पडेल ते बाजूला काढा. भुकटी फिकट आणि भोकाच्या कडा स्वच्छ असतील तर किडीचं काम ताजं आहे. मात्र जुनी भुकटीही हादऱ्याने बाहेर येते, त्यामुळे भुकटी एवढाच पुरावा पुरेसा नाही. लाकडात शंका असेल तर भोकांवर पातळ टिश्यू कागद चिकटवून ठेवा. पुढच्या हंगामात त्याला नवं छिद्र पडलं तर कीड जिवंत आहे. अनोबियमची अळी लाकडात काही वर्षं काढते, तेव्हा इथे धीर लागतो. भुकटी मैद्यासारखी मऊ असेल तर तो लिक्टस, लाकूड पोखरणारा दुसरा भुंगेरा. अनोबियमची भुकटी बोटांत चोळली तर खरखरीत लागते.

आता खिडकीतले गोल, ठिपकेदार किडे. हे डर्मेस्टिड कुळातले अँथ्रेनस असणार. प्रौढ किडे फुलांच्या परागावर जगतात आणि उजेडाकडे उडतात, म्हणून ते खिडकीपाशी मरतात. त्यांचे ठिपके म्हणजे अंगावरचे रंगीत खवले. ते घासून निघतात, त्यामुळे जुना मेलेला किडा नुसता काळा, चकचकीत दिसतो आणि नक्षीवरून केलेली ओळख फसते. जाती वेगळ्या करायला मिशीची पेरं मोजा. अँथ्रेनस व्हर्बॅसीची 11 पेरं, त्यातली शेवटची तीन मिळून गदेसारखा जाड भाग. अँथ्रेनस म्युझिओरमची 8, जाड भाग दोन पेरांचा. अँथ्रेनस फस्कसची 5, जाड भाग एकाच पेराचा. हे मोजायला साधं भिंग पुरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. काही जवळच्या जातींत तर जननेंद्रियांचं विच्छेदन केल्याशिवाय तज्ज्ञही नाव देत नाहीत. तुमच्या कामापुरतं अँथ्रेनस एवढं कळलं तरी बस.

कारण त्याच्या अळ्यांना हवी असतात प्रथिनं: लोकर, फेल्ट, रेशीम, पिसं, कातडं, मेलेले कीटक. नुसता कागद हे त्यांचं खाणं नव्हे. मग पेट्यांचं फेल्टचं अस्तर, कातडी बांधणी, खिडकीच्या फटीत साचलेल्या माश्या आणि छताजवळची पक्ष्यांची जुनी घरटी पाहा. अळी आखूड, केसाळ, पट्टेदार असते आणि वाढताना कात टाकते. रिकाम्या केसाळ काती हीच बहुतेक वेळा पहिली खूण असते. त्या उघड्या हाताने उचलू नका. ते बारीक केस त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात, हातमोजे आणि मास्क वापरा. अळी आखूड नसून लांबट, सोनेरी तपकिरी, मागे निमुळती आणि शेपटाला लांब केसांचा झुपका असलेली दिसली तर ती याच कुळातल्या अटॅजेनसची. केसाळ आणि बरीच मोठी, शेवटाला दोन आकडे असलेली अळी डर्मेस्टिसची. याच डर्मेस्टिसच्या वसाहती काही संग्रहालयं हाडांवरचं मांस साफ करायला मुद्दाम पाळतात, अर्थात संग्रहापासून लांब. याच कुळातल्या रीसा व्हेस्प्युली या छोट्या भुंगेऱ्याच्या फक्त माद्या असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात, म्हणून त्याचा एक नमुनाही मी गंभीरपणे घेते.

एक-दोन मिलिमीटरचे फार बारीक भुंगेरे सापडले तर ते बुरशी खाणाऱ्या लॅट्रिडिड किंवा क्रिप्टोफॅगिड कुळांतले असू शकतात. ते कागद खात नाहीत, पण कुठेतरी ओल आहे हे नक्की सांगतात. गळती शोधा. मोठे, काळे, लांब पायांचे, जमिनीवर पळणारे भुंगेरे बाहेरून चुकून येतात. दाराखालची फट बुजवा.

पुढचं काम. भुकटी पडणारी पुस्तकं जाड पॉलिथिनच्या पिशवीत, हवा काढून, बंद करा आणि इतरांपासून वेगळी ठेवा. कीड जिवंत निघाली तर संवर्धकाच्या सल्ल्याने गोठवणं हा औषधाविना उपाय आहे: उणे 30 अंश सेल्सिअसला 3 दिवस, किंवा उणे 18 अंशांना 2 आठवडे. पिशवी बाहेर काढल्यावर पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर पाणी पुस्तकावर धरतं. काचेच्या निगेटिव्ह आणि रंगचित्रं यात घालू नका. फळ्यांच्या कोपऱ्यांत आणि खिडक्यांपाशी चिकट सापळे ठेवा, प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहा. फेरोमोनचे, म्हणजे मादीच्या गंधाने नरांना ओढणारे, सापळे लावलेत तर एक जाणून असा: स्टेगोबिनोन या गंधाला स्टेगोबियम आणि अनोबियम दोघांचेही नर येतात. म्हणजे सापळ्यात सापडला म्हणून ओळख पटली असं होत नाही, भिंग घ्यावंच लागतं.

सापळ्याला चिकटलेला किडा ओढून काढू नका, तेवढा सापळ्याचा तुकडा कापून ठेवा. सुटे किडे 70 टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत घाला, पण खवल्यांचा एखादा अँथ्रेनस कोरडाच राहू द्या. तुमच्या किड्याचे फोटो इथे टाकणार असाल तर तीन हवेत: वरून, बाजूने आणि पोटाकडून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, उजेड बाजूने. किडा कोणत्या कपाटात, कोणत्या वस्तूजवळ मिळाला तेही लिहा.