मुलांना लंडनमध्ये एकटं फिरू द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची, मुलगा १४ वर्षांचा. मेअखेरीस दोघं दोन आठवड्यांसाठी लंडनला माझ्या भावाकडे जाणार आहेत. भाऊ-वहिनी दोघंही नोकरी करतात. मुलं म्हणतात, दिवसा आम्ही आमचे फिरू. मला धीर होत नाही. काय शिकवून पाठवू? मुलगी शाकाहारी आहे.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, फिरू द्या. मी लंडनमध्ये बरीच वर्षं राहिले आहे. शाळेच्या गणवेशातली लहान मुलं तिथे एकटी बसने जाताना रोज दिसायची. गाड्याही आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना मुलं गोंधळणार नाहीत.

आधी तिकिटाचं बघा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. मुलीला मोठ्यांचं भाडं पडेल. मुलाला मात्र ११ ते १५ वयोगटाची ‘यंग व्हिजिटर’ सवलत आहे. ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या आणि ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ती सवलत चढवून घ्या. १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं लागतं. मामाने पहिल्याच दिवशी हे काम उरकावं. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, पण तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच कापलं जातं. शहर बघायचं तर बसच बरी, तीही वरच्या मजल्यावरची पुढची सीट.

ट्यूबमध्ये मुलं चुकतात ती नॉर्दर्न लाइनवर. तिला फाटे आहेत. समजा, त्यांना डॉ. आंबेडकर १९२१-२२मध्ये जिथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर बघायचंय. (जरूर बघू दे! महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे.) जवळचं स्टेशन चॉक फार्म. युस्टनहून एजवेअरची गाडी पकडली तर बरोबर पोचतील. हाय बार्नेटची पकडली, तर कॅमडेन टाउननंतर गाडी दुसऱ्याच फाट्याला लागते. म्हणून नुसती लाइन बघून चढायचं नाही, गाडीच्या कपाळावरचं शेवटचं स्टेशन वाचायचं. मुंबईची मुलं इंडिकेटर बघतात, तसंच.

गर्दीत एक जण आत आणि एक जण फलाटावर राहिला तर? हे घरूनच ठरवून जाऊ दे. आत असलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच थांबायचं, मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथेच यायचं. जमिनीखाली सगळीकडे फोन लागतोच असं नाही. मामाचा पत्ता पोस्टकोडसकट कागदावर लिहून दोघांच्या खिशात ठेवा. तातडीचं संकट आलं तर ९९९ या नंबरवर फोन करायचा.

मला खरी काळजी वाटते ती फोनची. इलेक्ट्रिक सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेण्याचे प्रकार तिथे होतात. नकाशा बघायचा तर फुटपाथच्या कडेला उभं राहून नको. दुकानाच्या दारात किंवा भिंतीला पाठ टेकवून बघायचा, मग फोन आत ठेवून चालायला लागायचं. मुलीला हे दोनदा सांगा, फोटो काढताना भान राहत नाही.

‘दिवेलागणीच्या आत घरी’ हा आपला नियम तिथे उपयोगाचा नाही. मेअखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेआठलाही मुलांना संध्याकाळच वाटते. घड्याळाची वेळ ठरवा. मी सहा म्हणेन. तेव्हा तुमच्याकडे साडेदहा झालेले असतील, घरी पोचल्याचा मेसेज बघून तुम्ही झोपू शकाल. दर तासाला फोन मात्र करू नका.

काय बघायचं ते मुलांनाच ठरवू द्या, दिवसाला एकच मोठी जागा. ब्रिटिश म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, म्हणून कंटाळा आला की निघता येतं. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मुख्य दालनात छतापासून निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा सोडलाय, त्याच्याखाली निवांत उभं राहू दे. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. तिथे तिकीट लागतं, ते आधी काढा.

खाण्याचं सोपं आहे. सुपरमार्केटमध्ये सँडविच, पेय आणि काहीतरी किरकोळ खाणं मिळून ‘मील डील’ मिळतं, दुपार भागते. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली घरून न्यावी. आपल्यासारखा हिरवा ठिपका पाकिटांवर नसतो. ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द शोधावा लागतो. मऊ, चघळायच्या गोळ्यांमध्ये बरेचदा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून करतात, हे लेकीला आवर्जून सांगा. चमचमीत खावंसं वाटलं तर युस्टन स्टेशनला लागूनच ड्रमंड स्ट्रीट आहे, तिथे शाकाहारी भारतीय हॉटेलं आहेत आणि भेळही मिळते.