एक शेअर, एक मत?

प्रश्न : आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत (आयएमएफ) १९१ देश सभासद आहेत. मग एकटी अमेरिका निर्णय कसा अडवते?
– एक वाचक, कोपरगाव

उत्तर : तुमचा भाग साखर कारखान्यांचा, म्हणून त्याच भाषेत सांगतो. माझ्या वडिलांचा कारखान्यात एकच शेअर. मतदानाला धुतलेलं धोतर नेसून ते बड्या बागायतदाराच्या मागे रांगेत उभे राहायचे. पण मत दोघांचंही एकेकच. नाणेनिधीत मत कोट्यावर, म्हणजे भरलेल्या पैशावर. मोठ्या बदलाला ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्के आहेत. करा हिशोब! भारताकडे पावणेतीनहूनही कमी.

२०१० साली ठरलेली कोट्यांची सुधारणा अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०१५ पर्यंत लटकवून ठेवली. २०२३ मध्ये कोटा ५० टक्के वाढवायचं ठरलं, पण सगळ्यांचा सारख्याच प्रमाणात. म्हणजे वाटे जिथल्या तिथे. सहारापलीकडच्या आफ्रिकेला संचालक मंडळात तिसरी खुर्ची मिळाली, तीही २०२४ मध्ये.

आणि हो, नाणेनिधीची जोडसंस्था असलेल्या जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा जन्माने आपल्या खडकीचे खरे, पण त्यांचं नाव पुढे केलं ते अमेरिकेनेच.