केनियाची सफारी: यलो फीव्हरची लस घेतली, मलेरियाचं काय?

ताई, ऑगस्टमध्ये मसाई माराला निघालाय, सोबत सदुसष्ट वर्षांचे सासरे आहेत, आणि "यलो फीव्हरची लस घेतली की पुरे ना?" असं विचारलंय. पुरे नाही.

आधी लसीचं. केनियाहून परतताना मुंबई विमानतळावर पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचं प्रमाणपत्र, दाखवावंच लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही कडक तपासणी हवीच, कारण हा रोग अजून भारतात शिरलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरात आहे. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. त्यावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच तपासून घ्या. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते. म्हणून सासऱ्यांची सगळी औषधं, विशेषतः स्टेरॉइड चालू असतील तर तीही, डॉक्टरांना आधी दाखवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

मला खरी काळजी मलेरियाची वाटते. त्याचं कार्ड कुणी मागत नाही, म्हणून तो राहून जातो. "आम्ही मुंबईकर, आम्हाला काय होतंय" हे मी फार ऐकलंय. मुंबईत जास्त दिसतो तो व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया. केनियात मुख्यतः फॅल्सिपेरम, जो काही दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतो. क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी त्याच्यावर चालत नाही. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टर बहुधा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलच्या गोळ्या देतील: निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि परतल्यावर आणखी सात दिवस. डॉक्सिसायक्लिन दिली तर परतल्यावर चार आठवडे. घरी पोचल्या पोचल्या गोळी बंद करू नका. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचे जंतू तेव्हा यकृतात असतात, रक्तात नंतर उतरतात.

मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. तेव्हा पूर्ण बाह्या, मच्छरदाणी आणि डीटचं (डास दूर ठेवणारं औषध) मलम हवंच. दिवसा सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, डीट त्यावर.

आणि परतल्यावर तीन महिन्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "केनियाहून आलोय" हेच सांगा. पावसाळ्यात इथे डेंग्यू आणि व्हायरलची साथ असते, न सांगितल्यास तेच धरून चालतील. मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासा; अहवाल निगेटिव्ह आला आणि ताप राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासायला सांगा.