वर्षाचा तांदूळ भरतेयस ना, मग हे वाच
अगं लाल, हातसडीचा तांदूळ वर्षभराचा भरू नकोस, त्याच्या कोंड्यात तेल असतं ते काही महिन्यांत खवट होतं, पेजेपुरता दोन-तीन किलोच आण. साठवायला पॉलिशचा जुना कोलम घे, आणि घरचं शेत असेल तर सरळ सालासकट भातच ठेव कणगीत, लागेल तसा गिरणीवर भरडून आणायचा, आम्ही अजून तसंच करतो. घेताना दाणा दाताखाली धर, कटकन तुटला तर सुका, दबला तर घेऊच नको. कडक उन्हात घालू नकोस हां, दाणा तडकतो मग शिजल्यावर नुसता गोळा, सावलीत पसर. मृगाच्या आधी पिंपात भरून झाकण घट्ट लाव, आपल्याकडची दमट हवा म्हणजे टोक्यांना आमंत्रणच! बोरिक पावडर मी नाही लावत, कडुलिंबाचा सुका पाला टाकते.