एकोणीस माणसं, एक फोटो आणि मोहरी रंगाचे टीशर्ट

प्रश्न: मे महिन्यात दापोलीजवळ आमच्या गावी सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मुंबई, पुणे, बंगलोर सगळीकडून मिळून एकोणीस जण जमणार, फोटोग्राफरही ठरवलाय. नणंदबाईंनी ग्रुपवर जाहीर केलं की सगळ्यांना मोहरी रंगाचे सेम टीशर्ट, पाठीवर आडनाव. धाकटी जाऊ म्हणते नको, सगळ्यांनी पांढरं घालू, समुद्रावर भारी दिसतं. सासूबाई नऊवारीशिवाय काही नेसत नाहीत, सासरे धोतर-सदरा. आणि निर्णय म्हणे मी घ्यायचा, कारण मी मोठी सून. काय सांगू?
– मोठी सून, ठाणे

उत्तर: सूनबाई, तुम्ही आधी नणंद आणि जाऊ दोघींना बाजूला ठेवा आणि सासूबाईंना विचारा की त्या दिवशी कुठलं लुगडं नेसणार. मग ते अंगणात उजेडात धरून फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. बास, झाली तुमची थीम. कारण एकोणिसातले सतरा जण काहीही घालू शकतात, दोघं जण त्यांचंच घालणार आहेत, आणि फोटो त्या दोघांचाच आहे ना शेवटी, मग जे बदलणार नाही त्याच्याभोवती बाकीचं जुळवायचं की उलट?

समजा लुगडं मोरपंखी निघालं, काठ लाल. मग मोरपंखी कोणीच घालू नका, तो त्यांचा. बाकीच्यांना त्याच्या आसपासचे फिकट रंग द्या, आकाशी, पिस्ता, राखाडी, थोडे मोतिया आणि चंदनी, आणि काठातला लाल फक्त दोघा-तिघांच्या अंगावर थोडासा, एखादी ओढणी, एखाद्या नातीचं खणाचं परकर-पोलकं. प्रत्येक घराला दोन-तीन रंग सुचवायचे आणि आतलं त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. सतरा जणांना दुकानात पाठवायची गरज नाही हो, अर्ध्या लोकांच्या कपाटात हे रंग आधीच असतात.

आता पांढऱ्याचं. जाऊबाईंना सांगा की सासऱ्यांचं धोतर पांढरं, सदरा पांढरा, सगळ्यांनी पांढरं घातलं तर ज्यांचं सहस्रचंद्रदर्शन तेच गर्दीत हरवणार. शिवाय कोकणातली लाल माती, पोरं खळ्यात दहा मिनिटं खेळली की पांढऱ्या लेंग्याचा खालचा वीतभर भाग लाल. आणि आंब्याखाली उभं राहिलात तर वरून पानांमधून झिरपणारा उजेड पांढऱ्यावर हिरवट दिसतो, चेहऱ्यावर पण येतो तो, मग सगळे जरा आजारी वाटतात. मोतिया चालेल, शुभ्र पांढरं फक्त सासऱ्यांना.

मागे काय आहे तेही बघा. घर जांभ्याचं असेल आणि चिऱ्यांवर गिलावा नसेल तर मरून, विटकरी, तपकिरी हे रंग भिंतीत गडप होतात, नुसती मुंडकी दिसतात.

वेळ मात्र कपड्यांइतकीच महत्त्वाची आणि ती कोणी बोलत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रत्नागिरी जिल्ह्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच येतो तिथे. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं आणि सगळे डोळे बारीक करून उभे, मग साडी कितीही महाग असो. त्यामुळे पूजा सकाळी, जेवणं, झोप, आणि ग्रुप फोटो संध्याकाळी सहानंतर. सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणजे तासभर चांगला उजेड मिळतो. आधी घरासमोर आजी-आजोबांना खुर्चीत बसवून मोठा फोटो, मग ते दमले की बाकीचे समुद्रावर.

घामाचं पण ऐका. किनाऱ्यावर हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. राखाडी आणि आकाशी प्लेन कापडावर काखेतला ओला डाग सगळ्यात आधी दिसतो, म्हणून हे रंग छापील कापडात घ्या, किंवा ज्यांना कमी घाम येतो त्यांना द्या (घरात सगळ्यांना माहीत असतं कोण ते). मलमल, खादी, साधं सुती उत्तम. लिनन छानच, पण गाडीत पाच-सहा तास बसून आलेलं लिनन म्हणजे चुरगळलेला कागद, ते हँगरवर न्या आणि तिथेच घाला. बारीक चौकडी आणि बारीक रेघांचे शर्ट टाळा, कॅमेऱ्यात त्यावर लाटा लाटा दिसतात. आणि सासऱ्यांचा चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर साध्या काचेचा जुना चष्मा शोधून ठेवा, नाहीतर गॉगल लावल्यासारखे दिसतील, त्यांचे डोळेच येणार नाहीत फोटोत.

नणंदबाईंशी भांडू नका. मोहरी रंग वाईट नाहीच, हिरव्या झाडीसमोर तो खुलतो. पण असले टीशर्ट बहुतेक पॉलिस्टरचे येतात, त्यात मे महिन्यात माणूस उकडून निघतो, आणि आडनाव पाठीवर, फोटो समोरून, मग उपयोग काय? ते टीशर्ट सुती मागवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेट आणि समुद्रात डुंबायला घाला. तेव्हाचे फोटो पाठमोरे पण छान येतील. त्यांचाही मान राहिला.

प्रश्न: आम्ही नागपूरला. आईची साठी मेमध्येच, पंचेचाळीस डिग्रीत. आईचा हट्ट की आम्ही तिघी बहिणींनी पैठणीच नेसायची. फोटो घरीच काढायचेत.
– मधली

उत्तर: एक तर करवतकाठी नेसा ना! तुमच्या विदर्भातलीच, टसरची, पैठणीपेक्षा अंगावर हलकी आणि टसरचा तो मूळ मधाळ रंग घरातल्या उजेडात सुंदर दिसतो. आई ऐकत नसेल तर एकटीनं पैठणी नेसावी तिनं, साठी तिची आहे, तुम्ही करवतकाठी किंवा महेश्वरी. तिघीही पैठण्यांत असाल तर चार जरीचे पदर एकमेकांशी भांडतात आणि फ्लॅश मारला तर जर नुसती चकाकते. फ्लॅश नकोच, मोठ्या खिडकीपाशी पातळ पडदा ओढून उभ्या राहा. साडी अगदी शेवटी नेसा, केस-मेकअप झाल्यावर. आणि कूलर खोली गार होईपर्यंत चालू द्या पण फोटोच्या वेळी बंद करा, समोर उभं राहिलं की पदर आणि केस दोन्ही उडतात.

प्रश्न: मुलगी सावळी आहे. फॅमिली फोटोसाठी तिला पिवळा ड्रेस घ्यायचा होता, आत्या म्हणाली पिवळा नको, फिकट गुलाबी घे, "उजळ दिसेल". मुलगी दोन दिवस गप्प आहे.
– आई, सातारा

उत्तर: पिवळा घ्या. हळदी, मोहरी, राणी, मोरपंखी, गर्द जांभळा, हे रंग सावळ्या त्वचेवर जे दिसतात ते आमच्यासारख्या गोऱ्यांवर कधीच दिसत नाहीत, आणि फिकट गुलाबी तिला आवडत नसेल तर तो फोटोत तिच्या चेहऱ्यावर दिसेलच. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की चेहरे उजळवायचे नाहीत, तिचाही नाही आणि कोणाचाच नाही, कारण हल्ली न विचारता करतात. आत्याबाईंना फिकट गुलाबी साडी सुचवा.

प्रश्न: दीड वर्षाचा मुलगा, नवीन कुर्ता घातला की रडतो. काय करू?
– थकलेली

उत्तर: कुर्ता दोन-तीनदा धुऊन घ्या, गळ्याशी जर किंवा लेबल टोचत असेल तर आतून मऊ पट्टी लावा. तरी रडला तर सुती झबलं घाला, रंग जुळला की झालं. आंबा मात्र फोटोनंतर.